म्युझियममधली जुनी विमानं शोधायची तर पुस्तक कोणतं घ्यावं आणि ते वाचावं कसं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा पोऱ्या नववीत आहे, शिरपूरच्या धावपट्टीवरची ट्रेनर विमानं बघत मोठा झाला आणि आता त्याला जुन्या लढाऊ विमानांचं वेड लागलंय. दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली नाहीतर गोवा यापैकी एक करायचंय आणि पुढच्या मे महिन्यात दिरांकडे बर्मिंगहॅमला जायचंय. मागच्या सुट्टीत नेटवरची एक यादी बघून तुम्ही मुद्दाम वाट वाकडी करून एका गावी नॅट विमान बघायला गेलात तर तिथं नुसता रिकामा चौथरा होता, पोराचं तोंड एवढंसं झालं. म्हणून तुम्हाला आता एकच भरवशाचं गाईडबुक पाहिजे ज्यात कुठलं विमान कुठं ठेवलंय ते सगळं असेल, आणि एक परदेशी पुस्तक जुन्या आवृत्तीत निम्म्या किमतीला मिळतंय ते घ्यावं का असं विचारलंय.

मी एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होतो, रिटायर होऊन भुसावळला राहतो, आणि नोकरीत असल्यापासून जिथं जिथं जुनं विमान उभं दिसेल तिथं त्याचा नंबर आणि तारीख वहीत लिहायची सवय आहे. ही पुस्तकंही बरीच वापरली आहेत. त्यामुळं सरळ सांगतो, तुमची खरी अडचण कोणतं पुस्तक ही नाहीये. तुम्हाला एकाच पुस्तकाकडून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं पाहिजेत. पहिला प्रश्न, हे विमान नेमकं कोणतं, याचा इतिहास काय आणि ते कोणाकडे आहे. दुसरा प्रश्न, मी अमुक तारखेला पोराला घेऊन गेले तर ते डोळ्याला दिसेल का. छापील पुस्तक पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर देतं, दुसऱ्याचं देऊच शकत नाही.

आपल्या सातबाऱ्यासारखं समजा. गट नंबर कोणता, मालक कोण, आधी कोणाच्या नावावर होतं, फेरफार कधी झाला, हे सगळं त्यावर मिळतं. पण आज शेतात कापूस उभा आहे का केळी, आणि बांधावरून जायला वाट आहे का, ते बघायला गावातल्या माणसाला फोनच करावा लागतो. विमानांची गाईडबुकं अशीच वाचायची. एकदा हे डोक्यात बसलं की जुनी आवृत्तीसुद्धा कामाची होते, आणि नवी कोरी आवृत्ती हातात असूनही माणूस आंधळेपणानं गाडी काढत नाही.

आता पुस्तकं कोणती ते बघू. इंग्लंडसाठी 'रेक्स अँड रेलिक्स' नावाचं पुस्तक आहे, १९६१ पासून त्याच्या आवृत्त्या निघत आल्यात, केन एलिस यांनी कित्येक दशकं ते सांभाळलं. मांडणी काउंटीनुसार, म्हणजे जिल्हावार, आणि त्यात गावानुसार. मोठी म्युझियम तर त्यात आहेतच पण एखाद्या शाळेच्या आवारात, एअरफील्डच्या कोपऱ्यात, कोणाच्या शेडमध्ये सुटे भाग होऊन पडलेलं विमानसुद्धा त्यात सापडतं. दुसरं नाव बॉब ऑग्डेन यांचं, एअर-ब्रिटन या संस्थेनं त्यांची पुस्तकं काढली. ही संस्था १९४८ पासून विमानांच्या नोंदींचंच काम करते. ऑग्डेन यांनी युरोप, उत्तर अमेरिका आणि बाकी जग असे भाग पाडून म्युझियमवार याद्या दिल्या, म्हणजे म्युझियमची थोडी ओळख आणि खाली प्रत्येक विमानाचं मॉडेल, नंबर, आधीचे नंबर, कारखान्याचा नंबर. भारतातली म्युझियमही त्यात येतात पण फक्त भारत फिरायचं असेल तर तेवढ्यासाठी एवढं जाडजूड पुस्तक घ्यायला मी सांगणार नाही.

भारतासाठी सगळ्यात कामाची नोंद छापील नाही, नेटवर आहे. भारत रक्षक या साइटशी जोडलेलं 'वॉरबर्ड्स ऑफ इंडिया' म्हणून आहे, त्यात जतन केलेल्या विमानांची जागेवार नोंद मिळते, बरेचदा फोटोसकट. तुम्ही जी यादी बघून गेलात ती बहुतेक तारीख नसलेली कॉपी-पेस्ट यादी असणार. यादीवर तारीख नसेल तर ती यादी प्रवासासाठी वापरायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी अर्धा मनस्ताप वाचतो.

रिकाम्या चौथऱ्याचंही सांगतो. चौकात, कॉलेजच्या आवारात किंवा युनिटच्या गेटवर उभं केलेलं विमान, ज्याला आम्ही गेट गार्डियन म्हणतो, ते म्युझियमच्या विमानापेक्षा जास्त हलतं. रस्ता रुंद झाला की हलतं, उड्डाणपूल आला की हलतं, रंगकामाला नेलं की सहा सहा महिने येत नाही, आणि आपल्याकडच्या पावसात उघड्यावर उभं राहून खालून गंजलं की सुरक्षेसाठी काढूनच टाकतात. विमान हे ॲल्युमिनियमचं म्हणून गंजत नाही असं लोकांना वाटतं पण त्यात स्टीलचे बोल्ट असतात, मॅग्नेशियमचे भाग असतात, दोन वेगळे धातू जिथं एकमेकांना लागतात तिथं पाणी साचलं की खाण्याचं काम सुरू होतं. पंखाच्या मुळाशी आणि चाकांच्या खोबणीत ते आधी दिसतं. म्हणून गेट गार्डियनसाठी लांबचा प्रवास करायचा नाही, दुसऱ्या कामाला त्या गावी जाणं झालं तर बघायचं. लांबचा प्रवास म्युझियमसाठीच करावा.

आता पुस्तकातली एक ओळ कशी वाचायची ते पोराला शिकवा कारण सगळी मजा तिथंच आहे. लिबरेटर बॉम्बरचं उदाहरण घेतो, कारण ती आपल्या देशाची मोठी गोष्ट आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर विमानं कानपूरला पडून होती, ती परत उडू नयेत म्हणून जाताना मोडतोड करून ठेवलेली. एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या आपल्या सरकारी विमान कारखान्याच्या लोकांनी त्यातली जमतील तेवढी दुरुस्त करून बंगळूरला उडवत नेली, तिथं नीट तयार केली आणि एअरफोर्सनं ती १९६८ पर्यंत वापरली. जगात बाकी ठिकाणी तोपर्यंत बहुतेक लिबरेटर भंगारात गेली होती, त्यामुळं म्युझियमवाल्यांची नजर भारताकडे वळली. ब्रिटनच्या रॉयल एअरफोर्स म्युझियमचं लिबरेटर केएन ७५१ हे आपल्याकडे एचई ८०७ होतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा म्युझियमचं लिबरेटर आपल्याकडून गेलं. कॅनडाच्या ऑटावातल्या म्युझियमलाही एक गेलं आणि त्याच्या बदल्यात त्यांनी आपल्याला लायसँडर नावाचं जुनं विमान दिलं, ते दिल्लीत पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये आहे. आणि एक लिबरेटर आपण आपल्यासाठी पालमलाच ठेवलं.

आता बघा, एकाच विमानाला अमेरिकन नंबर, मग ब्रिटिश नंबर, मग भारतीय नंबर. पुस्तकात हे सगळे एका ओळीत एकापुढं एक दिलेले असतात, वाचणाऱ्याला नुसती आकड्यांची माळ वाटते. पण तीच ओळ सांगते की बर्मिंगहॅमहून तुम्ही जे विमान बघाल ते एकेकाळी आपल्या हवाईदलाचं होतं. तुमच्या पोराला इंग्लंडमध्ये त्या लिबरेटरपाशी उभं राहून हे माहीत असेल तर तो तिथून लवकर हलायचा नाही. म्हणून मी म्हणतो पुस्तक घ्यायचं ते या ओळीसाठी, पत्त्यासाठी पैसे घालायची गरज नाही कारण पत्ता फुकट मिळतो.

याच लिबरेटरवरून जुन्या आवृत्तीचा प्रश्नही सुटतो. रॉयल एअरफोर्स म्युझियमच्या दोन जागा आहेत, एक लंडनला हेंडनमध्ये आणि एक कॉसफर्डला, जे बर्मिंगहॅमपासून जवळ पडतं. या दोन जागांमध्ये विमानं इकडून तिकडं जात राहतात. हे लिबरेटर आधी कॉसफर्डला होतं, नंतर हेंडनला गेलं. उलट वेलिंग्टन बॉम्बर हेंडनला होतं ते २०१० मध्ये दुरुस्तीसाठी कॉसफर्डला नेलं. जुन्या आवृत्तीवर विसंबून तुम्ही लिबरेटरसाठी कॉसफर्डला गेलात तर परत रिकामा चौथरा. पण त्याच जुन्या आवृत्तीत त्याचे नंबर, ते भारतातून कधी आलं, सगळं बरोबरच असेल, कारण इतिहास काही दर दोन वर्षांनी बदलत नाही.

मग निम्म्या किमतीची जुनी आवृत्ती घ्यावी का? माझं उत्तर परिस्थितीवर आहे. पोरगा नंबरात, इतिहासात रमणारा असेल तर बिनधास्त घ्या, पाच-सात वर्षं जुनी असली तरी चालेल, त्याला पुढं कित्येक वर्षं पुरेल. फक्त ट्रिपचं प्लॅनिंग करायचं असेल तर घेऊ नका, त्या पैशात एका म्युझियमचं जेवणखाण होईल. आणि तिसरा मार्ग म्हणजे पुस्तक इकडं मागवूच नका, टपालाचा खर्च पुस्तकाइतकाच येतो. दिरांना सांगा, तिकडच्या म्युझियमच्या दुकानात ही पुस्तकं मिळतात, जुन्या आवृत्त्या तर कधी कधी अगदी किरकोळ पैशात. मे महिन्याच्या आधी त्यांनी घेऊन ठेवलं आणि पोरानं व्हिडिओ कॉलवर चार पानांचे फोटो मागवून यादी केली तरी काम होतंय. स्कॅन केलेली चोरीची पीडीएफ फिरत असते ती मात्र घेऊ नका, ही पुस्तकं मूठभर लोक आयुष्य घालून करतात, खपली नाहीत तर पुढची आवृत्ती निघत नाही.

इंग्लंडला एक गोष्ट अजून. मोठ्या म्युझियमसाठी पुस्तकाची गरज कमी, त्यांच्या साइटवर सगळं असतं. पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते छोट्या म्युझियममध्ये, जी हौशी लोक चालवतात, जिथं विमानापुढं धड पाटी नसते आणि साइट कधी अपडेट केली देव जाणे. तिथं पुस्तक उघडून नंबर जुळवला की ते विमान बोलायला लागतं. पण अशी ठिकाणं बरेचदा शनिवार-रविवारच उघडी असतात, तेवढं धरून दिवस ठरवा.

आता दिल्ली का गोवा. ताई, भुसावळवरून जाणारी गोवा एक्सप्रेस एका टोकाला निजामुद्दीन आणि दुसऱ्या टोकाला वास्को, म्हणजे आपल्या खान्देशातून दोन्ही म्युझियम एकाच गाडीच्या दोन टोकांना आहेत, हे भाग्य कमी लोकांना आहे. निवड करायचीच तर मी यावेळी दिल्ली म्हणेन, आणि कारण सांगतो. पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये वापिटी विमान आहे. आपल्या हवाईदलाची पहिली स्क्वॉड्रन, म्हणजे तुकडी, १ एप्रिल १९३३ ला कराचीत ज्या प्रकारच्या चार विमानांवर सुरू झाली ते हे वापिटी, आणि असं पूर्ण विमान जगात दुसरीकडं बघायला मिळत नाही. त्याशिवाय हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, तूफानी, मिस्टेर, नॅट, मारुत, जपानचं ओहका नावाचं आत्मघाती विमान, आणि वर सांगितलेलं लिबरेटर. मे महिन्यात इंग्लंडला जायच्या आधी पोरानं दिल्लीचं लिबरेटर बघितलेलं असेल तर तिकडचं बघताना त्याला दोन्ही जोडता येतील.

गोव्याचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम १९९८ मध्ये सुरू झालं, वास्कोजवळ बोगमाळ्याच्या रस्त्याला. तिथलं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन, चार इंजिनांचं तीन शेपट्यांचं प्रचंड विमान. हे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, नाव राणी ऑफ एलोरा, नंतर एअरफोर्सकडं आणि मग नेव्हीकडं आलं, नेव्हीचा नंबर आयएन ३१५. आपण चाळीसगावहून घाट चढून ज्या वेरूळला जातो त्या वेरूळच्या नावाचं विमान गोव्यात उभंय, हे खान्देशातल्या किती लोकांना माहीत आहे? शिवाय सीहॉक, अलिझे, सीहॅरियर अशी विक्रांत-विराट या विमानवाहू जहाजांवरून उडालेली विमानं. बरीच विमानं उघड्यावर आहेत आणि समुद्राची खारी हवा, त्यामुळं कधी कुठलं दुरुस्तीला झाकलेलं असेल सांगता येत नाही. पावसाळ्यात जाऊ नका, दिवाळीनंतर उत्तम.

आता नेमकं प्लॅनिंग कसं करतो ते सांगतो, हेच तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल. आधी पोराला विचारा की कोणती विमानं बघायचीच आहेत, आणि त्यांची नावं वहीत एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढं पुस्तकातून किंवा साइटवरून मिळालेला नंबर, ती माहिती किती सालची आहे, आणि ती जागा सर्वांसाठी खुली आहे का. हे खुली आहे का फार महत्त्वाचं. यादीत विमान असतं, जागा बरोबर असते, पण ती जागा एअरफोर्स स्टेशनच्या आत असते, तिथं तुम्हाला कोणी सोडणार नाही आणि बाहेरून फोटो काढायचा तर अजिबात प्रयत्न करू नका. पुस्तक लिहिणारा ते विमान आहे म्हणून नोंदवतो, ते त्याचं कामच आहे. आपलं काम गेटच्या आत जाता येईल का ते बघायचं.

त्यानंतर फोटो शोधा. लोकांनी टाकलेल्या फोटोंमध्ये अपलोड केल्याची तारीख बघून उपयोग नाही, फोटो काढल्याची तारीख पाहिजे, बरेच जण दहा वर्षांपूर्वीचे फोटो आज टाकतात. सुपर कॉन्स्टेलेशनसारखं मोठं विमान तर नकाशाच्या सॅटेलाइट चित्रातही ओळखू येतं, तिथंही चित्र कोणत्या सालचं ते बघा. आणि मग फोन. फोनवर म्युझियम चालू आहे का एवढंच विचारून लोक ठेवतात, मग तिथं जाऊन पस्तावतात. विचारायचं असं, की अमुक विमान सध्या प्रदर्शनात आहे का, हॉलमध्ये आहे का बाहेर, दुरुस्तीला किंवा रंगकामाला गेलंय का, आम्ही एवढ्या लांबून येतोय. लांबून येतोय आणि सोबत शाळकरी पोरगं आहे असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी माणूस आत जाऊन बघून येऊन सांगतो, हा माझा अनुभव आहे. साप्ताहिक सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी तेव्हाच विचारून घ्या. बरीच म्युझियम सोमवारी बंद असतात आणि काहींना आणखी एक दिवस सुट्टी असते.

एका बाबतीत मात्र पोराला आत्ताच सावध करून ठेवा, विमानावर रंगवलेला नंबर हा त्याचा खरा नंबर असेलच असं नाही. हे मी फिटर म्हणून सांगतोय. प्रदर्शनासाठी विमान तयार करताना एकाचं धड, दुसऱ्याचे पंख, तिसऱ्याची शेपटी असं जोडून उभं केलेलं असू शकतं, पेंटरनं जुन्या फोटोवरून अंदाजानं आकडा रंगवलेला असू शकतो, आणि कधी कधी तो मुद्दाम मानवंदना म्हणून दिलेला असतो. परशुराम नावाचं डकोटा, म्हणजे जुनं वाहतुकीचं विमान, घ्या. २०१८ मध्ये ते इंग्लंडहून उडत भारतात आलं, एअरफोर्सला भेट मिळालं. त्यावर नंबर व्हीपी ९०५. हा नंबर २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या पहिल्या डकोटाचा. म्हणजे विमान वेगळं, त्याची स्वतःची नोंद वेगळी, ब्रिटनमध्ये ते जी-एएमएसव्ही या रजिस्ट्रेशननं उडायचं, आणि अंगावरचा नंबर त्या पहिल्या डकोटाच्या सन्मानासाठी. चांगलं गाईडबुक इथं स्वतःची किंमत दाखवतं, ते रंगवलेला नंबर आणि खरी ओळख दोन्ही वेगवेगळे देतं. नेटवरच्या साध्या याद्या रंगवलेला नंबर उचलतात आणि पुढं जातात, मग एकच विमान दोन गावांत असल्यासारखं दिसतं. खरी ओळख कारखान्याच्या प्लेटवर असते, ती बहुतेक कॉकपिटमध्ये किंवा चाकांच्या खोबणीत कुठंतरी असते, म्युझियममध्ये तिथं हात घालायचा नाही, पण उघडं दिसत असेल तर वाकून वाचायला हरकत नाही.

मॉडेल ओळखण्यातही तेच. गावोगावी उभी असलेली मिग-२१ सगळी लोकांना सारखीच दिसतात, पाटीवर नुसतं मिग-२१ लिहिलेलं असतं. पोराला पंखाखाली बघायला सांगा. प्रत्येक पंखाखाली शस्त्र टांगायची एकच जागा असेल तर ते आधीचं एफएल, दोन असतील तर नंतरचं एम किंवा बिस. एफएलमध्ये पोटात बसवलेली तोफही नव्हती, नंतरच्यांत आली. ही तिन्ही मॉडेलं आपल्याच शेजारी, आग्रा रोडनं नाशिकला जाताना लागणाऱ्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनली, त्यामुळं खान्देश-नाशिकच्या पोरांनी मिग ओळखायला शिकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ओझरचा कारखाना काही बघायला जायची जागा नाही, तेवढं लक्षात ठेवा. तसंच नॅट आणि अजित, अजित हे नॅटवरूनच एचएएलनं सुधारून बनवलं, दुरून जुळी भावंडं वाटतात, पाटीवर सर्रास अदलाबदल झालेली असते, तिथं नंबर आणि पुस्तकच निकाल देतं.

आणि आत्ताच्या काळात पुस्तकं मागं पडायचं एक मोठं कारण आहे. १९६३ ला आलेलं मिग-२१ आपल्या हवाईदलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. मिग-२७ २०१९ ला गेलं. एवढी विमानं सेवेतून निघाली की त्यातली काही म्युझियमला जातात, काही गेटवर उभी राहतात, काही शिकवायला कॉलेजांना देतात, आणि बाकीची भंगारात. हे वाटप वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळं त्याआधी छापलेल्या कोणत्याही पुस्तकात भारताचं पान आता अपुरंच असणार. म्युझियमही नवी निघालीत. विशाखापट्टणमला बीच रोडवर टीयू-१४२ हे नेव्हीचं अवाढव्य टेहळणी विमान २०१७ पासून बघायला ठेवलंय, तसलंच दुसरं कोलकात्याला न्यू टाउनमध्ये आहे, आणि चंदीगडला २०२३ मध्ये एअरफोर्सचं हेरिटेज सेंटर सुरू झालं. त्यामुळं पुस्तकात दिसत नाही म्हणून ते कुठंच नाही असंही समजू नका.

पोऱ्यानं सुखोई-३० कुठल्या पुस्तकात आहे असंही विचारलंय ना, त्याला सांगा ते अजून सेवेत आहे, म्युझियमच्या पुस्तकात निवृत्त झालेली विमानं येतात. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २००९ मध्ये पुण्याहून सुखोईत बसून उडाल्या होत्या, ते वाचायला द्या त्याला, आवडेल.

थोडक्यात आत्ता करायचं ते असं. दिवाळीसाठी पुस्तक विकत घेऊ नका, वॉरबर्ड्स ऑफ इंडियावरून पालमची यादी काढा, फोन करा आणि निघा. मे महिन्यासाठी दिरांना तिकडंच पुस्तक बघायला सांगा, नवी आवृत्ती मिळाली तर उत्तम, जुनी स्वस्त मिळाली तर ती घेऊन जागा तेवढ्या फोनवर पक्क्या करा. आणि दिवाळीआधी शनिवार-रविवार मिळाला तर मुंबईचं नेहरू सायन्स सेंटर करून या, तिथं मारुत उभं आहे. कुर्ट टँक या जर्मन डिझायनरच्या हाताखाली बंगळूरला बनलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं आपलं लढाऊ विमान. पुण्याला घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३ आहे तेही जाता-येता जमण्यासारखं. नंबर कसा शोधायचा, कुठं लिहिलेला असतो, याची सवय पोराला या दोन ठिकाणी होईल.

शेवटी वहीचं. ही सगळी गाईडबुकं आणि याद्या बघून आलेल्या लोकांच्या पत्रांवरच चालतात, लेखक काही प्रत्येक गावी जात नाही. तुम्हाला तो रिकामा चौथरा दिसला, ती बातमी त्या यादीवाल्यांना फार मोलाची आहे, तर पोराकडून ती कळवून टाका. लिहायचं एवढंच: गाव, नेमकी जागा, बघितल्याची तारीख, विमान होतं का नव्हतं, असेल तर रंगवलेला नंबर जसा दिसला तसा, एखादा आकडा पुसट असेल तर तिथं प्रश्नचिन्ह, अंदाजानं भरायचा नाही. जवळच्या चहावाल्यानं किंवा वॉचमननं विमान कुठं नेलं ते सांगितलं असेल तर तेही लिहायचं, पण ऐकलेलं म्हणून वेगळ्या ओळीत. त्या गावाचं नाव आणि तुम्ही गेल्याची तारीख इथं खाली टाकलीत तर माझ्या वहीत त्या नॅटची आधीची नोंद आहे का तेही बघून सांगतो.